‘फेल’ म्हणजे नेमकं काय झालं?

फोनवर ‘ट्रॅन्झॅक्शन फेल्ड’ झळकतं. बँकेच्या पत्रात ‘फेलिंग विच’ असे दोन शब्द असतात. दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर ‘हार्ट फेल्युअर’ लिहिलेलं असतं, आणि मुलाच्या निकालावर तर हा शब्द पिढ्यान् पिढ्या ठाण मांडून बसलेला आहे. या चारही ठिकाणी मराठी वाचकाच्या मनात एकच अर्थ उमटतो: नापास, अपयशी, संपलं. इथेच घोटाळा होतो. पैसे ‘फेल’ गेले म्हणून कोणी तेच पैसे घाईने पुन्हा पाठवतं. ‘आपण फेडायचा प्रयत्न करतोच आहोत, अजून अपयश कुठे आलंय?’ अशा समजुतीने कोणी बँकेची नोटीस कपाटात ठेवून देतं. ‘हार्ट फेल’ वाचून घरात रडारड होते. या शब्दाचा अर्थ काय, असं विचारणाऱ्यांना शब्दकोशातला एक प्रतिशब्द देऊन भागत नाही, कारण तो प्रतिशब्द, म्हणजे ‘अपयशी होणे’, बहुतेक ठिकाणी चुकीचा असतो.

इंग्रजीतल्या ‘फेल’ला प्रयत्नाशी फारसं देणंघेणं नाही. जी गोष्ट व्हायला हवी होती ती झाली नाही, एवढंच तो सांगतो. ती करण्यासाठी कोणी धडपडलं का, कोणाची चूक होती का, नियत कशी होती, हे सगळं त्याच्या कक्षेबाहेर राहतं. मराठीतलं ‘अपयश’ मात्र आधी प्रयत्न गृहीत धरतं आणि नंतर ठपका ठेवतं. आपण ‘फेल’ वाचतो आणि डोक्यात ‘अपयश’ भरतो. म्हणजे कागदावर नसलेल्या दोन गोष्टी पदरच्या घालतो. ही पदरमोड कुठे कुठे महागात पडते आणि ती कशी टाळायची, ते पुढे पाहू.

मूळ, गरजेपुरतं

हा शब्द फ्रेंचमधून तेराव्या शतकाच्या आसपास इंग्रजीत आला आणि त्याची मुळं लॅटिनमधल्या ‘फालेरे’ या क्रियापदात आहेत. फालेरे म्हणजे फसवणे, दगा देणे. ‘फॉल्स’ आणि ‘फॉल्ट’ ही त्याचीच भावंडं. गंमत अशी की, हा जुना अर्थ मराठीला अगदी ओळखीचा आहे. पावसाने दगा दिला, ऐनवेळी गुडघ्यांनी दगा दिला, गाडीने घाटात दगा दिला, असं आपण सहज म्हणतो. पाऊस ‘अपयशी झाला’ असं कोणताही शेतकरी म्हणत नाही. पाऊस काही परीक्षेला बसलेला नसतो. आपण त्याच्यावर विसंबलेलो असतो आणि तो आलेला नसतो. इंग्रजी ‘फेल’चा गाभा हाच आहे: विसंबणं आणि न मिळणं.

‘डिफॉल्ट’ही याच कुळातला. कर्ज थकवलं की ‘डिफॉल्ट’, आणि संगणकावर तुम्ही काहीच निवडलं नाही तर जे आपोआप लागू होतं तेही ‘डिफॉल्ट’. दोन्हींचा धागा एक: करायचं ते केलं गेलं नाही.

म्हणून हा शब्द कुठेही दिसला की तीन प्रश्न विचारा. पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

- अपेक्षित गोष्ट नेमकी कोणती होती?
- ती कोणाकडून व्हायची होती: तुमच्याकडून, बँकेकडून, यंत्राकडून की औषधाकडून?
- कधीपर्यंत, आणि न झाल्यास पुढे काय होईल असं लिहिलं आहे?

पैसे कापले गेले आणि ‘फेल्ड’ आलं तर

इथे दुसरा प्रश्न निर्णायक ठरतो. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी काढलेल्या परिपत्रकात ‘फेल्ड ट्रॅन्झॅक्शन’ची व्याख्याच दिली आहे: ग्राहकाकडे बोट दाखवता येणार नाही अशा कोणत्याही कारणाने पुरा न झालेला व्यवहार. संपर्क तुटला, एटीएममध्ये रोकड नव्हती, वेळ संपून व्यवहार मध्येच थांबला, ही त्यातलीच उदाहरणं. म्हणजे ज्या शब्दाने ग्राहक ओशाळतो, तोच शब्द या परिपत्रकात त्याच्या बाजूने उभा आहे. यंत्रणेने दगा दिला, तुम्ही नाही. आणि हे एकदा मान्य झालं की भरपाईचा हक्क ओघानेच येतो.

एटीएममधून रोकड आली नाही पण खात्यातून रक्कम गेली, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. यूपीआय किंवा आयएमपीएसने दुसऱ्याच्या खात्यात पाठवलेले पैसे कापले गेले पण तिकडे जमा झाले नाहीत, तर मुदत व्यवहारानंतर एका दिवसाची आहे. दुकानदाराला यूपीआयने दिलेल्या पैशांसाठी ती पाच दिवसांची. मुदत उलटली की दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता बँकेने स्वतःहून द्यायची आहे. प्रत्यक्षात ती स्वतःहून येतेच असं धरून चालू नका, मागा.

पडद्यावर ‘फेल्ड’ आहे, ‘पेंडिंग’ आहे की ‘डिक्लाइन्ड’, हे आधी नीट वाचा. ‘पेंडिंग’ म्हणजे निकाल अजून लागायचा आहे. अशा वेळी पुन्हा पैसे पाठवले तर दोन्ही व्यवहार पार पडण्याची शक्यता असते. ‘डिक्लाइन्ड’ म्हणजे कोणीतरी नकार दिला आहे: शिल्लक अपुरी, मर्यादा ओलांडलेली, पिन चुकीचा. ‘फेल्ड’ असेल तर खात्याचा उतारा पाहा, रक्कम गेली असल्यास व्यवहार क्रमांक टिपून ठेवा, अ‍ॅपमधून आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं.

नोटिशीतलं ‘फेल’: इथे थांबून वाचा

सगळ्यात जास्त नुकसान या जागी होतं. इथला ‘फेल’ थेट तुम्हाला उद्देशून असतो आणि त्याला तारीख चिकटलेली असते. घर तारण ठेवून काढलेलं कर्ज थकलं आणि खातं अनुत्पादक ठरलं, की बँक २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) खाली नोटीस धाडते. साठ दिवसांत पूर्ण देणं फेडा, ‘फेलिंग विच’ बँकेला पुढची पावलं उचलण्याचा अधिकार राहील, अशी या कलमाची रचना आहे. मराठीत याचा अर्थ ‘तसं न केल्यास’. बस, इतकाच. ‘तसं करण्यात आपण अपयशी ठरल्यास’ हा अनुवाद वाचणाऱ्याला वाटतं, प्रयत्न चालू आहेत तोवर आपण सुरक्षित आहोत. कायद्याचं घड्याळ प्रयत्न मोजत नाही. साठ दिवसांत अर्धी रक्कम भरलेला माणूस आणि एक पैसाही न भरलेला माणूस, दोघेही या ‘फेलिंग विच’च्या जाळ्यात सारखेच सापडतात, कारण अपेक्षित गोष्ट ‘पूर्ण फेड’ ही होती.

त्याच कायद्याने दिलेल्या वाटा मात्र याच नोटिशीपासून सुरू होतात आणि त्या वापरायला उशीर करू नये. कलम १३(३अ) खाली तुम्ही बँकेकडे लेखी हरकत नोंदवू शकता: रकमेचा हिशेब चुकला आहे, भरलेले हप्ते धरले नाहीत, खातं थकीत ठरवण्यात घाई झाली. बँक ती मान्य करणार नसेल तर हरकत मिळाल्यापासून पंधरा दिवसांत तिने कारणं कळवायला हवीत. पुढे बँकेने ताबा घेण्यासारखं पाऊल उचललं तर त्या दिवसापासून पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. शेतजमिनीच्या तारणाला हा कायदा लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवा. अशा जमिनीवर सरफेसीची नोटीस आली असेल तर पहिली हरकत तीच.

धनादेश वटला नाही तर १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८ लागतं, आणि तिथेही कळीचं क्रियापद ‘फेल’च आहे. अनेकांची समजूत अशी की, चेक परत आला त्या क्षणी गुन्हा घडला. तसं नाही. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यावर समोरच्याने तीस दिवसांत नोटीस द्यायची, ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत तुम्ही रक्कम दिली नाही, म्हणजे ‘फेल्ड टू मेक द पेमेंट’ झालं, की मग खटल्याला कारण मिळतं. त्यानंतर एका महिन्याच्या आत त्याला तक्रार दाखल करावी लागते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून नोटीस हातात पडली की पाकिटावरची पोच-तारीख सांभाळा, कॅलेंडरवर पंधराव्या दिवसाला खूण करा आणि पैसे द्यायचे असतील तर बँकेमार्फत द्या, पुरावा राहील असे. पोस्टमनला परत पाठवून काही साधत नाही. बरोबर पत्त्यावर रीतसर पाठवलेली नोटीस पोचली असं धरूनच न्यायालय चालतं.

कोणत्याही इंग्रजी नोटिशीत प्रथम हे शोधा:

- ‘फेल टू’, ‘फेल्युअर टू’, ‘फेलिंग विच’ यांच्या लगेच मागेपुढे असलेली कृती. तिच्याखाली रेघ ओढा.
- मुदत, आणि ती कशापासून मोजायची: नोटिशीच्या तारखेपासून की ती मिळाल्यापासून. वर दिलेल्या दोन कायद्यांत हाच फरक आहे: सरफेसीचे साठ दिवस नोटिशीच्या तारखेपासून, चेकचे पंधरा दिवस ती मिळाल्यापासून.
- परिणाम, म्हणजे ‘न केल्यास’च्या पुढचं वाक्य. तिथे ‘मे’ असेल तर समोरच्याला अधिकार आहे, ‘शॅल’ असेल तर बहुधा तसं होणारच.

भाषेचा हक्कही विसरू नका. कर्ज बिगर-बँक वित्तीय कंपनीचं असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या न्याय्य व्यवहार संहितेनुसार तिने कर्जदाराशी सगळा पत्रव्यवहार प्रादेशिक भाषेत किंवा त्याला समजणाऱ्या भाषेत करायचा आहे. मराठी प्रत मागा, लेखी मागा. पण ती येईपर्यंत मुदत थांबते असं मात्र समजू नका.

पण कारण खरंच होतं, त्याचं काय?

कोणी म्हणेल, माणूस रुग्णालयात पडलेला असताना ‘तो हजर राहिला नाही’ एवढंच म्हणणारा शब्द अन्यायकारक आहे. आक्षेप रास्त वाटतो, पण कायद्याने त्याची सोय केलेली आहे, आणि ती दुसऱ्या शब्दांत केलेली आहे. दिवाणी दाव्यात समन्स मिळूनही प्रतिवादी आला नाही तर न्यायालय त्याच्या गैरहजेरीत निकाल देऊ शकतं. तो एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम १३ मध्ये दोन कारणं दिली आहेत: समन्स रीतसर बजावलंच गेलं नव्हतं, किंवा पुरेशा कारणामुळे येता आलं नाही. अर्जाची मुदत हुकूमनाम्यापासून तीस दिवस. समन्स रीतसर पोचलंच नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून तीस दिवस. म्हणजे कायदा आधी फक्त घटना नोंदवतो: आला नाही. का आला नाही, हा प्रश्न तो नंतर स्वतंत्रपणे ऐकतो, आणि ते सांगण्याची जबाबदारी तुमच्यावर टाकतो. ‘फेल’मध्येच कारण दडलेलं आहे असं मानणारा माणूस ही दुसरी पायरी चुकवतो.

आयुर्विम्याच्या बाबतीतही हेच. अर्जात एखादी माहिती दिली नाही याचा अर्थ फसवणूक केली असा होत नाही. विमा कायद्याचं कलम ४५ या दोन गोष्टी वेगळ्या धरतं, आणि पॉलिसीला तीन वर्षं झाली की कोणत्याही कारणावरून तिला आव्हान देता येत नाही. दावा नाकारणाऱ्या पत्रात ‘फेल्ड टू डिस्क्लोज’ असेल तर पहिला हिशेब तीन वर्षांचा करा, दुसरा प्रश्न विचारा की फसवणुकीचा आरोप आहे की फक्त न सांगितल्याचा. फसवणुकीचा नसेल तर भरलेले हप्ते परत मिळण्याचा हक्क राहतो.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींच्या हाती वाहतूक पोलिसाकडून ‘फेल्युअर टू यील्ड’ची पावती पडते, ती याच जातीची. दुसऱ्याला आधी जाऊ दिलं नाही, एवढाच तिचा अर्थ. जाऊ देण्याचा प्रयत्न करून कोणी नापास होत नसतं. त्या पावतीवरची तारीख चुकवली तर मात्र ‘फेल्युअर टू अपिअर’ हे वेगळं आणि जास्त जड प्रकरण उभं राहतं.

दवाखान्यातले कागद

मराठीत ‘हार्ट फेल झालं’ म्हणजे माणूस गेला. डॉक्टरांच्या इंग्रजीत ‘हार्ट फेल्युअर’ म्हणजे शरीराला लागतं तेवढं रक्त हृदय पुढे ढकलू शकत नाही. हृदय बंद पडलेलं नाही. ते कमी पडतंय. हा आजार घेऊन, औषधं आणि पथ्य सांभाळून माणसं अनेक वर्षं जगतात. हृदयविकाराचा झटका वेगळा: त्यात हृदयाच्या स्नायूला होणारा रक्तपुरवठा अडतो. ‘कार्डिअ‍ॅक अरेस्ट’ म्हणजे हृदयाचं काम अचानक थांबणं, ते तिसरंच. ‘हार्ट फेल’ हा मराठी वाक्प्रचार बहुधा या तिसऱ्याला लावला जातो, म्हणून कागदावरचा शब्द वाचून धसका बसतो.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मोजके आहेत. ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ किती आहे? हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर फेकलं जातं याचा हा आकडा. पन्नासच्या वर असला तर सर्वसाधारण, चाळीसच्या खाली असला तर घटलेला धरतात. तो शंभर नाही म्हणून घाबरू नका, तो निरोगी माणसाचाही शंभर नसतो. मूळ कारण काय, मीठ आणि पाणी किती, रोज वजन करायचं का, हे विचारा. दोन-तीन दिवसांत वजन भराभर वाढलं, पाय सुजले, आडवं पडल्यावर दम लागू लागला तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता कळवा. मूत्रपिंडाच्या बाबतीत ‘अक्यूट’ आणि ‘क्रॉनिक’ हे विशेषण पाहा. अचानक आलेला बिघाड वेळेवर उपचार मिळाल्यास अनेकदा भरून निघतो. ‘किडनी फेल’ म्हणताना आपण हे विशेषणच गाळतो.

याच क्षेत्रात शब्दाचा कर्ता उलटासुलटा होतो, तेही लक्षात घ्या. डॉक्टरी लिखाणात ‘पेशंट फेल्ड फर्स्ट-लाइन थेरपी’ असं वाक्य सर्रास सापडतं. शब्दशः घेतलं तर रोगीच उपचारात नापास झाला. खरं म्हणजे औषध लागू पडलं नाही. मराठीने यासाठी फार नेमकी क्रियापदं राखून ठेवली आहेत: औषध लागू पडलं नाही, गुण आला नाही, उतार पडला नाही. तिन्हींमध्ये दोष रोग्याकडे जात नाही. बाळाच्या कागदावर ‘फेल्युअर टू थ्राइव्ह’ असेल तर त्याचाही अर्थ वयाच्या मानाने बाळाचं वजन वाढत नाही, इतकाच. आईला यात बोल लावण्यासारखं काही लिहिलेलं नाही. कारण शोधायला सुरुवात करा, असा तो शेरा आहे.

निकालपत्र

इथे फार थांबायला नको. ‘नापास’ हा शब्द फारसीचा ‘ना’ आणि इंग्रजीचा ‘पास’ यांच्या लग्नातून झालेला, आणि ‘फेल’चा जो कडू अर्थ आपण इतरत्र नेतो तो इथूनच. सीबीएसईने २०२० च्या निकालापासून गुणपत्रिकेवर ‘फेल’ऐवजी ‘इसेन्शियल रिपीट’ असा शेरा आणला. विद्यापीठांतली ‘एटीकेटी’ तर कधीचीच आहे आणि मुलं ‘केटी लागली’ म्हणून पुढे सरकतात. शेरा कोणताही असो, पालकांनी पाहायचं ते एवढंच: कोणत्या विषयात, किती गुणांनी, फेरतपासणीचा आणि पुरवणी परीक्षेचा अर्ज कोणत्या तारखेपर्यंत. निकालाच्या दिवशी घरात जे वातावरण तयार होतं, त्यात नेमकी ही तारीख हुकते.

तुम्ही स्वतः इंग्रजीत लिहिता तेव्हा

कारणे दाखवा नोटिशीला उत्तर देताना ‘आय फेल्ड टू सबमिट’ असं लिहू नका. त्याचा अर्थ ‘मी सादर केलं नाही’ असा कोरा कबुलीजबाब होतो, आणि कारण पुढच्या वाक्यात असलं तरी कबुली आधी नोंदली जाते. ‘आय वॉज अनेबल टू’ किंवा ‘आय कुड नॉट’ लिहून त्याच वाक्यात कारण द्या. उलट बाजूने, समोरच्याने काम केलं नाही हे नोंदवायचं असेल तर ‘यू फेल्ड टू’ हे नेमकं शस्त्र आहे: नियत, क्षमता, कारण यांत न शिरता ते फक्त वस्तुस्थिती मांडतं. ग्राहक तक्रारीत ते जरूर वापरा.

‘आय फेल टू अंडरस्टँड’ दिसायला नम्र आहे, पण ऐकणाऱ्याला टोचतं. ‘हे मला पटण्यासारखं नाही’ असा त्याचा सूर. वरिष्ठांना खरोखर काही समजलं नसेल तर सरळ ‘प्लीज एक्स्प्लेन’ म्हणा. ‘विदाऊट फेल’ हुकमाच्या सुरात येतं, म्हणून निमंत्रणात नको. आणि ‘नेव्हर फेल्स टू’ चांगल्या-वाईट दोन्हींसाठी चालतं. त्याला मराठीत एकच शब्द पुरतो: हटकून. तो हटकून उशिरा येतो. तिच्या हातची आमटी हटकून चांगली होते.

मराठीत आणताना

वर्तमानपत्रांत आणि यंत्रावर केलेल्या भाषांतरांत ‘करण्यात अपयशी ठरले’ हे वाक्य आता तणासारखं माजलं आहे. पोलिस आरोपीला पकडण्यात अपयशी, पालिका खड्डे बुजवण्यात अपयशी, पाहुणे वेळेत पोचण्यात अपयशी. यातल्या पहिल्यात निदान प्रयत्न होता असं धरता येईल. खड्डे बुजवायला कोणी फिरकलंच नसेल तर ‘अपयशी’ म्हणणं हा पालिकेचा उगाच केलेला सन्मान आहे. ‘पालिकेने खड्डे बुजवलेच नाहीत’ हे खरं मराठी, आणि जास्त धारदारही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: ‘केलं नाही’ म्हटल्याने इंग्रजीतला अपेक्षाभंगाचा भाव निसटतो. ‘डिड नॉट’ आणि ‘फेल्ड टू’ यांत फरक आहेच, आणि तो राखायलाच हवा. पण मराठी त्यासाठी नामं जुळवत बसत नाही, ती क्रियापदालाच वळण देते. ‘बुजवलेच नाहीत’ मधल्या ‘च’मध्ये अपेक्षाही आहे आणि तिचा भंगही. दार उघडेना, गाडी सुरू होईना, झोप येईना, शब्द सुचेना: या ‘ना’ने संपणाऱ्या रूपात प्रयत्न, अडथळा आणि वैताग तिन्ही एका शब्दात मावतात. ‘इंजिन फेल्ड टू स्टार्ट’चा यापेक्षा चांगला अनुवाद कोणत्या कोशात मिळणार?

दुसरा आक्षेप कायद्याच्या भाषांतरकारांचा: तिथे अशी बोली रूपं चालणार नाहीत, ठरीव संज्ञाच हवी. मान्य. पण ती संज्ञाही मराठीत पूर्वीपासून आहे: ‘कसूर’. ‘भरणा करण्यात कसूर केल्यास’ या राजभाषेतल्या घडणीत उणीव आहे, जबाबदारी आहे, आणि प्रयत्नाचा खोटा आभास नाही. सामान्य पत्रव्यवहारात तर ‘न भरल्यास’, ‘रुजू न झाल्यास’ एवढं पुरे. ‘अपयश’ कायद्याच्या मजकुरात शिरलं ते मराठी उणी पडली म्हणून नव्हे. पहिला हाती लागलेला प्रतिशब्द घेतला गेला म्हणून.

बाकीच्या जागी विषयागणिक क्रियापद बदला: बँक बुडते, पीक हातचं जातं, लाइट जाते, नजर अधू होते, बोलणी फिसकटतात, बेत फसतो, चेक वटत नाही. ‘ब्रेक फेल’ आणि ‘इंजिन फेल’ मात्र आता मराठीच झाले आहेत, त्यांना हात लावू नका. ‘चुकणे’ वापरताना तेवढं जपून. ‘न चुकता’ हा ‘विदाऊट फेल’चा उत्तम पर्याय आहे, पण ‘हप्ता चुकला’ म्हणजे भरला नाही आणि ‘हप्ता चुकता केला’ म्हणजे भरला. बँकेला पाठवायच्या पत्रात या दोन वाक्यांची अदलाबदल होऊ देऊ नका.

‘फेल-सेफ’ विकत घेताना

हा जोडशब्द जवळजवळ सगळेच उलटा वाचतात. ‘फेल-सेफ’ म्हणजे कधीच बिघडणार नाही असं नव्हे. बिघडलं तर सुरक्षित बाजूला बिघडेल, असं. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७२ मध्ये आणलेला रेल्वेचा स्वयंचलित एअर ब्रेक हे त्याचं चोख उदाहरण. त्यात हवेचा दाब ब्रेक सोडून धरतो. नळी फुटली, डबा सुटला, की दाब उतरतो आणि ब्रेक आपोआप लागतात. आपल्या गाड्यांत साखळी ओढल्यावर गाडी थांबते तीही याच नळीतला दाब कमी होऊन. स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीवर ‘फ्लेम फेल्युअर डिव्हाइस’ लिहिलेलं असतं, ते याच तत्त्वावर चालतं: दूध उतू जाऊन किंवा वाऱ्याने ज्योत विझली की गॅस बंद होतो. त्यामुळे शेगडी, गीझर किंवा सोसायटीची लिफ्ट घेताना ‘हे फेल होतं का?’ असं विचारू नका, विक्रेता नाहीच म्हणणार. ज्योत विझली, वीज गेली, दोर तुटला तर हे यंत्र कोणत्या स्थितीत थांबेल, ते विचारा, आणि शेगडी असेल तर दुकानातच ज्योत विझवून दाखवायला सांगा.